भौतिकशास्त्रापुरतं इंग्रजी : बारावी गुजराती-मराठीतून झालेल्यांनी काय शिकावं, कसं शिकावं

पादरा (जि. बडोदा) : बारावी सायन्सला गुजराती माध्यमातून फिजिक्समध्ये चांगले मार्क मिळवलेला विद्यार्थी बी.एस्सी.च्या पहिल्या सेमिस्टरला त्याच विषयात अडखळतो, हा अनुभव पादरा, डभोई, करजण, सावली या तालुक्यांतल्या बऱ्याच घरांना ओळखीचा आहे. घरात मराठी, शाळेत गुजराती, टीव्हीवर हिंदी आणि कॉलेजच्या वर्गात एकदम इंग्रजी. पहिल्या परीक्षेत मार्क कमी पडले की "आपल्याला फिजिक्स झेपत नाही" असं पोरं ठरवून टाकतात. काही जण विषय बदलतात, काही शिक्षणच सोडतात. पेपर उघडून पाहिला तर पुष्कळदा दिसतं की गणित येत होतं, प्रश्न काय विचारलाय ते कळलं नव्हतं.

हीच अडचण नंदुरबार-नवापूरकडून सुरत-बडोद्याला शिकायला जाणाऱ्यांची आहे, बेळगाव-निपाणीकडे मराठी शाळेतून आलेल्यांची आहे आणि इंदूर-ग्वाल्हेरकडे हिंदीतून शिकलेल्या मराठी मुलांचीही आहे. राज्य बदललं की शाळेतले शब्द बदलतात, पण विद्यापीठातलं फिजिक्स सगळीकडे इंग्रजीतच भेटतं. त्यासाठी नेमकं किती आणि कोणतं इंग्रजी लागतं, याची ही माहिती.

बडोद्याची पार्श्वभूमी

पादरा हे बडोद्यापासून सुमारे १५ किलोमीटरवरचं तालुक्याचं गाव, जंबुसरच्या रस्त्यावर. गायकवाडी राज्यात पादरा हा बडोदा प्रांताचा एक महाल होता. त्या काळापासून या भागात मराठी कुटुंबं आहेत. सयाजीराव महाराजांनी १८९३ मध्ये अमरेली भागात सक्तीचं प्राथमिक शिक्षण सुरू केलं आणि १९०६ मध्ये ते सगळ्या संस्थानात लागू केलं.

विज्ञान कुठल्या भाषेत शिकवायचं, हा वाद बडोद्याला नवा नाही. १८९० मध्ये इथे कलाभवन सुरू झालं. त्याचे प्रवर्तक सुरतचे रसायनशास्त्रज्ञ त्रिभुवनदास गज्जर. तांत्रिक शिक्षण कारागिरांच्या मुलांपर्यंत पोचायचं तर ते मातृभाषेतून हवं, असा त्यांचा आग्रह होता. दादासाहेब फाळके याच कलाभवनात शिकले. पुढे १९४९ मध्ये महाराजा सयाजीराव विद्यापीठ स्थापन झालं, कलाभवनाचा वारसा त्याच्या तंत्रज्ञान विद्याशाखेकडे आला आणि शिकवण्याचं माध्यम इंग्रजी झालं. पादऱ्यातलं एम. के. अमीन महाविद्यालयही याच विद्यापीठाचं.

याच विद्यापीठातून १९७१ मध्ये वेंकी रामकृष्णन यांनी फिजिक्समध्ये बी.एस्सी. केलं. २००९ चा रसायनशास्त्राचा नोबेल त्यांना इतर दोघांसोबत मिळाला. त्यांचं शालेय शिक्षण इंग्रजीतून झालं होतं, त्यामुळे भाषेची पायरी त्यांना चढावी लागली नाही. तालुक्याच्या गुजराती शाळेतून येणाऱ्याला ती चढावी लागते, आणि ती किती उंच आहे हे आधी समजून घेतलेलं बरं.

भिंत नेमकी कुठे लागते

महाराष्ट्रात २००० सालापासून पहिलीपासून इंग्रजी विषय आहे. मराठी शाळांमध्येही सेमी-इंग्रजी वर्ग आहेत, म्हणजे गणित-विज्ञान इंग्रजीतून. अकरावी-बारावी सायन्स तर बहुतेक ठिकाणी इंग्रजीतच होतं. म्हणून महाराष्ट्रातल्या मुलाला धक्का अकरावीत बसतो. गुजरातमध्ये अकरावी-बारावी सायन्स गुजरातीतून करता येतं, त्यामुळे इथला धक्का दोन वर्षं उशिरा, थेट कॉलेजात बसतो.

प्रवेश परीक्षांनी हा धक्का आणखी पुढे ढकलला आहे. जेईई मेन २०२१ पासून १३ भाषांत होते, त्यात मराठी आणि गुजराती दोन्ही आहेत. नीटचंही तसंच. पण दोन्हीकडे एक नियम लक्षात ठेवण्यासारखा आहे : भाषांतरात शंका आली तर इंग्रजी पाठ अंतिम मानला जातो. त्यापुढच्या परीक्षांत तर ही सोयही उरत नाही. एम.एस्सी.साठी आयआयटीची जॅम परीक्षा इंग्रजीत, गेट इंग्रजीत. सीएसआयआर नेटचा फिजिक्सचा पेपर इंग्रजी आणि हिंदीत. म्हणजे बी.एस्सी.ची तीन-चार वर्षं हाच भाषा बदलून घेण्याचा काळ.

एक भौतिकशास्त्र, चार शब्दसंग्रह

न्यूटनचा दुसरा नियम मराठी पुस्तकात 'बल म्हणजे वस्तुमान गुणिले त्वरण' असा येतो. गुजराती पुस्तकात बळ, दळ आणि प्रवेग. हिंदीत बल, द्रव्यमान आणि त्वरण. इंग्रजीत फोर्स, मास आणि ॲक्सिलरेशन. नियम एकच. ज्याला तो कळलाय त्याला नवीन फिजिक्स शिकायचं नाही, फक्त खुणेच्या पाट्या बदलायच्या आहेत.

नेहमी लागणारे काही शब्द असे :

• मास : मराठी वस्तुमान, गुजराती दळ, हिंदी द्रव्यमान
• स्पीड : मराठी चाल, गुजराती झडप, हिंदी चाल
• ॲक्सिलरेशन : मराठी त्वरण, गुजराती प्रवेग, हिंदी त्वरण
• डिस्प्लेसमेंट : मराठी विस्थापन, गुजराती स्थानांतर, हिंदी विस्थापन
• मोमेंटम : मराठी संवेग, गुजराती वेगमान, हिंदी संवेग
• रिफ्रॅक्शन : मराठी अपवर्तन, गुजराती वक्रीभवन, हिंदी अपवर्तन
• फ्रिक्वेन्सी : मराठी वारंवारता, गुजराती आवृत्ती, हिंदी आवृत्ति
• रेझिस्टन्स : मराठी रोध, गुजराती अवरोध, हिंदी प्रतिरोध

घरी मराठी बोलणाऱ्या पादऱ्याच्या मुलाला 'झडप' म्हटलं की मांजर आठवतं आणि 'आवृत्ती' म्हटलं की पुस्तकाची आवृत्ती. तरी वर्गात तो हे शब्द बरोबर वापरतो, कारण शास्त्रातला अर्थ वेगळा असतो हे त्याला सवयीने माहीत आहे. दोन भाषांत एकाच शब्दाचे दोन अर्थ सांभाळायची ही सवय इंग्रजीला कामाला येते. सीमेवरच्या मुलांची ही जमेची बाजू आहे आणि तिचा हिशेब सहसा कुणी करत नाही.

ओळखीचे शब्द जास्त फसवतात

अवघड इंग्रजी शब्दाला विद्यार्थी घाबरतो, डिक्शनरी उघडतो आणि अर्थ शोधतो. खरा घात सोपे शब्द करतात, कारण त्यांचा अर्थ आपल्याला माहीत आहे असं वाटतं.

लाइट : 'अ लाइट स्ट्रिंग' म्हणजे प्रकाशाची दोरी नव्हे, हलकी दोरी. इतकी हलकी की तिचं वस्तुमान शून्य धरायचं. पुढे 'इनएक्स्टेन्सिबल' असेल तर ती ताणली जात नाही, म्हणून दोन्ही टोकांच्या वस्तूंचं त्वरण सारखंच. दोन शब्दांत दोन समीकरणं दिलेली असतात.

युनिफॉर्म : शाळेचा गणवेश नव्हे, एकसमान. 'युनिफॉर्म रॉड' म्हणजे वस्तुमान सगळीकडे सारखं पसरलेली कांब, म्हणून तिचा गुरुत्वमध्य बरोबर मधोमध.

नॉर्मल : 'नेहमीचा' असा अर्थ धरला की प्रश्न चुकला. इथे नॉर्मल म्हणजे पृष्ठभागाला लंब.

स्मूद आणि रफ : स्मूद म्हणजे घर्षण शून्य धरा, रफ म्हणजे घर्षण आहे, ते हिशेबात घ्या.

मोमेंट : 'मोमेंट ऑफ इनर्शिया'मध्ये क्षणाचा काही संबंध नाही. वस्तू फिरवताना ती किती विरोध करते, त्याचं ते माप.

फील्ड आणि चार्ज : शेत नाही आणि मोबाइलचं चार्जिंगही नाही. क्षेत्र आणि विद्युतप्रभार.

इलॅस्टिक : शिंप्याकडे इलॅस्टिक म्हणजे रबर. फिजिक्समध्ये पोलाद रबरापेक्षा जास्त इलॅस्टिक, कारण तेवढीच विकृती आणायला पोलादाला कितीतरी जास्त बल लावावं लागतं आणि बल काढलं की ते मूळ आकारात येतं.

डीजनरेट : डिक्शनरीत 'अधःपतित' असा अर्थ सापडेल. क्वांटम मेकॅनिक्समध्ये ऊर्जा सारखी असलेल्या वेगवेगळ्या अवस्थांना डीजनरेट म्हणतात.

उलट, काही ठिकाणी आपल्या भाषा जास्त स्पष्ट आहेत. इंग्रजीत रोजचं काम आणि शास्त्रातलं कार्य दोन्हींना 'वर्क' हा एकच शब्द. डोक्यावर भाजीची पाटी घेऊन तासभर उभ्या राहिलेल्या बाईने काम केलं, पण पाटीवर कार्य शून्य, कारण विस्थापन नाही. मराठी मुलाला हा फरक शब्दातच मिळतो. वजनाच्या बाबतीत मात्र आपणच घोळ घालतो. बाजारात 'एक किलो वजन' म्हणतो ते खरं तर वस्तुमान असतं. एक किलो भाजीचं वजन सुमारे ९.८ न्यूटन.

छोट्या शब्दांवर मार्क जातात

इंग्रजीतली शब्दयोगी अव्ययं शाळेत गाळलेल्या जागा भरण्यापुरती शिकवली जातात. फिजिक्समध्ये त्यांच्यावर उत्तर अवलंबून असतं.

'टू' आणि 'बाय' पाहा. बंद डब्यातल्या आदर्श वायूचं तापमान ३०० केल्विन आहे. ते 'टू ३६० केल्विन' वाढवलं तर नवीन तापमान ३६० आणि दाब १.२ पट. 'बाय ३६० केल्विन' वाढवलं तर नवीन तापमान ६६० आणि दाब २.२ पट. मराठीत हाच फरक 'पर्यंत' आणि 'ने' मध्ये आहे. घाईत वाचणाऱ्याला इंग्रजीत तो दिसत नाही.

'अबाउट' म्हणजे 'सुमारे' असं पाठ असतं. पण 'अबाउट ॲन ॲक्सिस' म्हणजे अक्षाभोवती. सारख्या कांबीचं मोमेंट ऑफ इनर्शिया मध्यातून जाणाऱ्या लंब अक्षाभोवती जेवढं, त्याच्या चौपट टोकातून जाणाऱ्या लंब अक्षाभोवती. अक्ष कुठला हे ज्या तीन-चार शब्दांत सांगितलेलं असतं, तेच वगळले तर उत्तर चौपट चुकतं.

आणखी काही :

• पर : दर. मीटर पर सेकंद म्हणजे दर सेकंदाला इतके मीटर.
• ॲट लीस्ट, ॲट मोस्ट : कमीत कमी, जास्तीत जास्त. गणितात पहिलं 'पेक्षा मोठं किंवा समान', दुसरं 'पेक्षा लहान किंवा समान'.
• विथ रिस्पेक्ट टू : च्या संदर्भात, च्या सापेक्ष. कॅल्क्युलसमध्ये कशाच्या सापेक्ष विकलन करायचं ते इथे कळतं.
• इन टर्म्स ऑफ : उत्तरात कोणती अक्षरं यायला हवीत ते सांगतं.
• रिस्पेक्टिव्हली : त्याच क्रमाने. दोन आणि तीन किलोच्या वस्तूंचे वेग 'चार आणि सहा, रिस्पेक्टिव्हली' म्हटलं तर दोन किलोवालीचा चार, तीन किलोवालीचा सहा.
• अनलेस : नसेल तर, नाही तोपर्यंत. 'अनलेस ओदरवाइज स्टेटेड' म्हणजे वेगळं सांगितलं नसेल तर.
• हेन्स : 'म्हणून'. प्रश्नाच्या दुसऱ्या भागात हा शब्द आला तर पहिल्या भागाचं उत्तर वापरणं अपेक्षित आहे. नव्याने सुरुवात केली तर वेळ जातो, आणि काही वेळा मार्कही.

प्रश्नपत्रिकेतल्या आज्ञा

विद्यापीठाच्या पेपरात प्रश्नाचं क्रियापद बघून किती लिहायचं ते ठरतं. डिफाइन म्हणजे व्याख्या, एक-दोन ओळी. स्टेट म्हणजे नियम फक्त सांगा, सिद्ध करू नका. डिराइव्ह म्हणजे मूळ गृहीतांपासून पायरीपायरीने सूत्रापर्यंत या. 'शो दॅट' मध्ये शेवटचं उत्तर दिलेलंच असतं, मार्क मधल्या पायऱ्यांना असतात. व्हेरिफाय म्हणजे पडताळून दाखवा. एस्टिमेट म्हणजे ढोबळ अंदाज, इथे दशांशानंतर चार आकडे काढणं व्यर्थ. स्केच म्हणजे आलेखाचा आकार हाताने काढा, प्लॉट म्हणजे मोजमाप धरून, बिंदू टाकून आलेख काढा. डिस्टिंग्विश म्हणजे फरक. डिस्कस म्हणजे सविस्तर चर्चा, मर्यादा आणि उदाहरणं धरून.

जुन्या पाच वर्षांच्या प्रश्नपत्रिका घेऊन फक्त ही क्रियापदं अधोरेखित करायची. शब्द थोडेच असतात आणि तेच तेच येतात. एका आठवड्यात हे काम होतं, आणि त्याचा परिणाम पुढच्याच परीक्षेत दिसू शकतो.

वाक्य कसं फोडायचं

मराठी आणि गुजरातीत क्रियापद शेवटी येतं. इंग्रजीत ते कर्त्यानंतर येतं, पण पाठ्यपुस्तकातला कर्ता दोन-दोन ओळी लांब असतो. डावीकडून एकेक शब्द भाषांतरित करत गेलं की वाक्य संपेपर्यंत सुरुवात विसरते. म्हणून आधी क्रियापद शोधायचं, मग कोण आणि काय, आणि अटी शेवटी.

एक नमुना घ्या : 'अ ब्लॉक ऑफ मास एम, इनिशियली ॲट रेस्ट, स्लाइड्स डाउन अ स्मूद इन्क्लाइन ऑफ हाइट एच. फाइंड इट्स स्पीड ॲट द बॉटम.'

क्रियापद 'स्लाइड्स डाउन', घसरतो. कोण? ब्लॉक. कशावरून? उतारावरून. अटी दोन : 'इनिशियली ॲट रेस्ट' म्हणजे आरंभीचा वेग शून्य, आणि 'स्मूद' म्हणजे घर्षण नाही. घर्षण नाही म्हणून यांत्रिक ऊर्जा अक्षय्य, स्थितिज ऊर्जा पूर्णपणे गतिज झाली. 'फाइंड' पुढे काय काढायचं ते : पायथ्याशी चाल. उत्तर दोन, जी आणि एच यांच्या गुणाकाराचं वर्गमूळ. उंची ५ मीटर आणि जी १० धरला तर चाल १० मीटर दर सेकंद. वस्तुमान दिलं होतं, पण उत्तरात ते आलंच नाही. भाषा कळली नसती तर विद्यार्थी त्या 'एम'चं काय करायचं यातच अडकला असता.

सुरुवातीला प्रत्येक उदाहरणाला तीन रकाने करायचे : इंग्रजी शब्द, त्याचा अर्थ, त्यातून आलेलं समीकरण. पन्नासेक उदाहरणं अशी केली की रकाने आपोआप डोक्यात होऊ लागतात.

सूत्र तोंडाने वाचणं

गुजरातीतून शिकलेल्या मुलाला समीकरण लिहिता येतं, इंग्रजीत वाचता येत नाही. व्हायवाला इथेच जीभ अडते. एक्स स्क्वेअर, एक्स क्यूब, एक्स टू द पॉवर एन, रूट टू जी एच, डी वाय बाय डी एक्स, इंटिग्रल फ्रॉम झीरो टू इन्फिनिटी, हे मोठ्याने म्हणून सराव करावा लागतो. ग्रीक अक्षरांची नावंही : थीटा, लॅम्डा, म्यू, न्यू, ओमेगा, साय, फाय. न्यू हे अक्षर इंग्रजी व्हीसारखं दिसतं, त्यामुळे वारंवारतेला वेग समजण्याची चूक हमखास होते.

व्हायवासाठी एका साच्याची पाच-सहा वाक्यं पुरतात. 'ॲज द लेंग्थ इन्क्रीजेस, द टाइम पिरियड इन्क्रीजेस.' लांबी वाढते तसा आवर्तनकाळ वाढतो. याच साच्यात तापमान-रोध, अंतर-तीव्रता काहीही बसवता येतं. उत्तर आठवत नसेल तर गप्प बसण्यापेक्षा 'कुड यू प्लीज रिपीट द क्वेश्चन, सर' किंवा 'मॅडम' म्हणता येणं हीसुद्धा तयारीच.

जर्नल लिहिताना

प्रयोगाच्या वहीत काय केलं ते भूतकाळात आणि कर्मणी प्रयोगात लिहितात : 'द लेंग्थ वॉज मेझर्ड', लांबी मोजली गेली. नियम आणि निष्कर्ष वर्तमानकाळात. लोलकाचा प्रयोग घ्या. 'वीस आवर्तनांचा वेळ मोजला' हे भूतकाळात. 'आवर्तनकाळाचा वर्ग लांबीच्या सम प्रमाणात असतो' हे वर्तमानकाळात, कारण ते काल खरं होतं आणि उद्याही राहील. एक मीटर लांबीच्या लोलकाचा आवर्तनकाळ जवळजवळ २ सेकंद येतो. १.९८ आला तर 'एरर' म्हणून लाज वाटायची गरज नाही. फिजिक्समध्ये एरर म्हणजे चूक असंच नाही, मोजमापातली अनिश्चितताही. ती किती आणि कशामुळे, हे दोन वाक्यांत लिहिता आलं तर वही उठून दिसते.

मागच्या वर्षीच्या सिनियरची वही उतरवून काढण्याची पद्धत सगळीकडे आहे. त्यातून अक्षर सुधारतं, भाषा येत नाही. आठवड्याला एक निष्कर्ष, चार ओळींचा का होईना, स्वतःच्या शब्दांत लिहिलेला जास्त कामाचा.

क्लास लावावा का

तालुक्याच्या गावात स्पोकन इंग्लिशचे क्लास भरपूर. तिथे ओळख करून देणं, हॉटेलात ऑर्डर देणं, मुलाखत देणं शिकवतात. त्याचा उपयोग आहे, पण वरच्या कांबीचा अक्ष त्यातून समजत नाही. विशिष्ट कामासाठी लागणारी इंग्रजी वेगळी शिकवावी, हा विचार जगभर १९६० च्या दशकापासून रुजला आणि त्याची स्वतंत्र अभ्यासशाखा झाली. विद्यापीठीय पुस्तकांत सगळ्याच विषयांत वारंवार येणाऱ्या शब्दांची एक यादी ॲव्हरिल कॉक्सहेड यांनी २००० मध्ये प्रसिद्ध केली. तिच्यात ५७० शब्दकुळं आहेत. दिवसाला तीन धरली तरी सुमारे सहा महिन्यांत संपतात. त्यात फिजिक्सचे खास दोन-तीनशे शब्द मिळवले की पुस्तक वाचण्यापुरती तयारी होते.

भाषा पूर्ण यायला हवी असंही नाही. वाचण्यापुरती परकी भाषा शिकून मोठं काम केल्याची आपल्याकडेच उदाहरणं आहेत. शंभर वर्षांपूर्वी नवं फिजिक्स जर्मनमध्ये लिहिलं जात होतं. कोलकात्याच्या मेघनाद साहा आणि सत्येंद्रनाथ बोस यांनी जर्मन शिकून आइन्स्टाइन आणि मिन्कोव्स्की यांचे सापेक्षतेवरचे मूळ लेख इंग्रजीत आणले. ते पुस्तक कोलकाता विद्यापीठाने १९२० मध्ये काढलं. १९२४ मध्ये बोस यांनी ढाक्याहून आपला लेख इंग्रजीत आइन्स्टाइनना पाठवला, आणि तो जर्मनमध्ये भाषांतरित करून छापून आणायचं काम स्वतः आइन्स्टाइननी केलं. याच बोस यांनी १९४८ मध्ये बंगालीतून विज्ञान पोचवण्यासाठी वंगीय विज्ञान परिषद स्थापली. परकी भाषा शिकले म्हणून त्यांनी स्वतःची सोडली नाही.

फुकट मिळणारी साधनं

परिभाषा कोश : महाराष्ट्राच्या भाषा संचालनालयाचा भौतिकशास्त्र परिभाषा कोश ऑनलाइन पाहता येतो. इंग्रजी शब्दाला मराठी प्रतिशब्द खात्रीने मिळतो. मराठी विश्वकोशातल्या भौतिकीच्या नोंदीही ऑनलाइन आहेत. एखादा धडा इंग्रजीत कळत नसेल तर आधी विश्वकोशातली नोंद वाचावी, मग पुस्तकाकडे यावं.

एनपीटीईएल : आयआयटी आणि बंगळूरच्या आयआयएससीच्या प्राध्यापकांची व्याख्यानं. सबटायटल लावून, वेग पाऊणपट करून ऐकायची. पहिल्या फेरीत ऐकायचं, दुसऱ्या फेरीत सबटायटल बंद.

फाइनमन लेक्चर्स : १९६१ ते ६३ मध्ये अमेरिकेतल्या कॅलटेकमध्ये दिलेली ही व्याख्यानं तिन्ही खंडांसह ऑनलाइन मोफत वाचता येतात. भाषा बोलण्यासारखी आहे, पण विचार खोल. म्हणून पहिलं पुस्तक म्हणून न घेता दुसऱ्या वर्षी घ्यावं.

एच. सी. वर्मा : 'कॉन्सेप्ट्स ऑफ फिजिक्स'ची वाक्यं छोटी आणि उदाहरणं भारतीय. बारावी गुजरातीतून झालेल्याने हेच पुस्तक इंग्रजीतून पुन्हा वाचणं ही सर्वांत सोपी सुरुवात. विषय माहीत असतो, त्यामुळे सगळं लक्ष भाषेवर देता येतं.

मोबाइलवरचं भाषांतर : अर्थाचा अंदाज यायला ठीक. पण लाइट, नॉर्मल, मोमेंट अशा शब्दांवर ते घसरू शकतं. संशय आला की परिभाषा कोश.

वर्षभराचं वेळापत्रक

निकाल लागल्यापासून कॉलेज सुरू होईपर्यंतची सुट्टी : बारावीचं यांत्रिकी आणि विद्युत इंग्रजीतून पुन्हा वाचणं. रोज दोन पानं, शब्दांची वही सुरू. वहीत चार रकाने : इंग्रजी, गुजराती, मराठी आणि एक वाक्य. वाक्याशिवाय शब्द लिहायचा नाही.

पहिलं सेमिस्टर : वर्गात मागच्या बाकावर न बसणं. लेक्चरच्या आदल्या रात्री तो भाग पंधरा मिनिटं चाळून, नवीन शब्दांचा अर्थ पाहून जाणं. नोंदी मिश्र भाषेत घेतल्या तरी चालतील, पण घरी आल्यावर पाच ओळी इंग्रजीत उतरवायच्या. पादऱ्याहून रोज बसने ये-जा करणाऱ्याला कानात एनपीटीईएल लावायला जाता-येता वेळ मिळतो.

दुसरं सेमिस्टर : दोघा-तिघांचा गट. आठवड्यातून एकदा प्रत्येकाने फळ्यावर एक डेरिव्हेशन इंग्रजीत बोलून दाखवायचं. अडलं तर मराठी-गुजरातीत पूर्ण करायचं, आणि लगेच तेच वाक्य पुन्हा इंग्रजीत.

दुसरं वर्ष : एका विषयाचं मूळ पाठ्यपुस्तक पहिल्या पानापासून शेवटपर्यंत. विद्युतगतिकीसाठी ग्रिफिथ्स यांचं पुस्तक भाषेच्या दृष्टीने सोपं जातं, लेखक वाचकाशी गप्पा मारल्यासारखं लिहितो. गाइडवर विसंबून राहिलेल्याला जॅमचा पेपर वाचताना वेळ पुरत नाही.

घरच्यांनी काय करावं

पालकांना फिजिक्स येत नसेल, इंग्रजीही येत नसेल, तरी एक गोष्ट करता येते. मुलाने आज शिकलेलं मराठीत समजावून सांगायला लावणं. जे आईला घरच्या भाषेत सांगता आलं, ते समजलेलं आहे, उरला तो शब्दांचा प्रश्न. जे घरच्या भाषेतही सांगता आलं नाही, ते इंग्रजीच्या माथी मारण्यात अर्थ नाही, तिथे फिजिक्सच पुन्हा वाचायला हवं. नापास झालेल्या पेपराचंही असंच करावं. प्रत्येक चुकलेल्या प्रश्नापुढे 'भाषा' किंवा 'विषय' असं लिहायचं. विषय बदलायचा की नाही हा निर्णय ती यादी पाहूनच घ्यावा, मार्कांचा नुसता आकडा पाहून घेऊ नये.